एक सही आणि एक नकार

१४ एप्रिल १९५० रोजी वॉर्सामध्ये एका कागदावर सह्या झाल्या आणि रोममध्ये अनेकांच्या कपाळाला आठ्या पडल्या. कागदाच्या एका बाजूला पोलंडचं कम्युनिस्ट सरकार होतं, दुसऱ्या बाजूला पोलंडचे कॅथलिक बिशप. करार १९ कलमांचा. पूर्व युरोपातल्या कम्युनिस्ट राजवटीशी तिथल्या कॅथलिक बिशपांनी असा लेखी समझोता करण्याची ही पहिलीच वेळ होती. अवघ्या नऊ महिन्यांपूर्वी, जुलै १९४९ मध्ये, कम्युनिझमच्या निरीश्वरवादी विचारसरणीचा पुरस्कार करणाऱ्या कॅथलिकांना बहिष्कृत ठरवणारा आदेश व्हॅटिकनने काढला होता. हंगेरीचे कार्डिनल जन्मठेप भोगत होते. आणि अशा वेळी पोलंडचे बिशप त्याच कम्युनिस्ट विचारसरणीच्या राज्यकर्त्यांशी करार करून बसले होते.

करारावर सह्या तीन बिशपांच्या होत्या, पण त्यामागची इच्छा आणि जबाबदारी एका माणसाची होती. स्टेफान विशिन्स्की, वय ४८, वॉर्सा आणि ग्न्येझ्नोचे आर्चबिशप. पोलंडच्या धर्मसभेचे प्रमुख होऊन त्यांना दीड वर्षही झालं नव्हतं. साडेतीन वर्षांनी त्याच सरकारने त्यांना मध्यरात्रीच्या सुमाराला घरातून उचलून नेलं, कारण दुसऱ्या एका कागदाला त्यांनी साफ नकार दिला होता.

१९५० साली वाकलेला माणूस १९५३ साली ताठ कसा झाला, असं अनेकांनी विचारलं आहे. मला वाटतं, हा प्रश्नच चुकीचा मांडला जातो. द्यायचं काय आणि द्यायचं नाही काय, याची यादी त्यांच्या मनात दोन्ही वेळी तीच होती. पहिल्या कागदावर जे मागितलं होतं ते देण्यासारखं होतं, दुसऱ्यावरचं नव्हतं. धर्माच्या पुढाऱ्याने राजकारण किती करावं, या प्रश्नाला इतकं सुस्पष्ट उत्तर आपल्या हयातीत लिहून ठेवणारी माणसं फार थोडी. त्यामुळे ही गोष्ट जरा तपशिलात बघायला हवी.

वसईकडे बिशपांना महागुरूस्वामी म्हणतात आणि त्या शब्दात आदर आहेच. पण पोलंडमध्ये ग्न्येझ्नोच्या आर्चबिशपांना, म्हणजे ‘प्रायमेट’ना, जो मान आहे तो वेगळ्याच जातीचा. पोलंडचा इतिहास ९६६ साली राज्यकर्ता म्येश्को याने घेतलेल्या बाप्तिस्म्यापासून मोजला जातो. पुढे तिथले राजे निवडून येऊ लागले, तेव्हा एक राजा वारला आणि दुसरा निवडायचा असला की मधल्या काळात राज्याचा कारभार प्रायमेट सांभाळत. १७९५ साली रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रियाने उरलासुरला देशही वाटून घेतला, आणि १९१८ पर्यंत, म्हणजे १२३ वर्षं, पोलंड नावाचं राज्यच नकाशावर नव्हतं. या काळात पोलिश भाषा आणि पोलिशपण टिकलं ते पुष्कळसं चर्चच्या आवारात. म्हणून देशाला राजा नसला की लोक प्रायमेटकडे बघतात, ही सवय तिथे रक्तात मुरलेली आहे. आपण राजकारणात पडत नाही असं म्हणायची सोय त्या खुर्चीवर बसलेल्या माणसाला नव्हतीच.

त्यातून युद्ध झालं होतं. सुमारे ६० लाख पोलिश नागरिक मारले गेले, त्यांत जवळपास निम्मे ज्यू. विशिन्स्की ज्या व्वोत्सवावेक धर्मप्रांताचे, तिथले निम्म्याच्या आसपास धर्मगुरू नाझींच्या हातून गेले. १९३९ साली त्यांचे बिशप मिखाव कोझाल यांनी त्यांना शहर सोडून जायला सांगितलं, म्हणून ते वाचले. कोझाल स्वतः १९४३ साली डाखाऊच्या छळछावणीत मरण पावले. पुढे कैदेत लिहिलेल्या टिपणांत विशिन्स्कींनी १९५० च्या कराराची कारणं मांडली आहेत. त्यांतलं एक असं की, या चर्चचं रक्त आधीच इतकं सांडलेलं आहे की आणखी हौतात्म्य अंगावर ओढवून घेण्याची चैन त्याला परवडणारी नाही. ज्याचे वर्गमित्र छळछावणीतून परतले नाहीत, त्याने हे म्हणण्याला वजन आहे.

आणखी एक गोष्ट समजून घ्यावी लागते, आणि ती समजायला आपल्याला फार लांब जावं लागत नाही. १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळच्या वळिवडे इथे सुमारे ५,००० पोलिश निर्वासित राहत होते. सोव्हिएत राजवटीने त्यांना पूर्व पोलंडमधून सायबेरियाकडे हाकललं होतं आणि तिथून सुटून ती माणसं इराणमार्गे भारतात आली होती. युद्ध संपलं तेव्हा त्यांतल्या बहुतेकांना परत जायला घरच उरलं नव्हतं, कारण त्यांची गावं सोव्हिएत संघात गेली होती. सगळा देशच पश्चिमेकडे सरकवला गेला होता. पूर्वेचा मुलूख रशियाने घेतला आणि त्या बदल्यात जर्मनीचा ओडर-नाइसे नद्यांपर्यंतचा भाग पोलंडला मिळाला. पूर्वेतून उठलेली लाखो माणसं या नव्या पश्चिम भागात वसली. पण तिथले धर्मप्रांत कागदोपत्री अजून जर्मनच होते आणि शांतता करार झाल्याशिवाय त्यात बदल करायला व्हॅटिकन तयार नव्हतं. या लोकांना कायमचे पोलिश बिशप मिळणं हा विशिन्स्कींच्या दृष्टीने धर्माचा प्रश्न होता, तर सरकारच्या दृष्टीने सरहद्दीचा. इथे दोघांचं हित जुळत होतं, आणि करार व्हायला तेवढी जागा पुरली.

आता करारातली देवाणघेवाण पाहू. बिशपांनी मान्य केलं की, श्रद्धा, नीती आणि चर्चची अंतर्गत सत्ता या बाबतींत पोपच सर्वोच्च. बाकी बाबतींत आपण पोलंडचं राष्ट्रहित पाहू. जंगलात अजून लढणाऱ्या सशस्त्र टोळ्यांना पाठिंबा देणार नाही. पश्चिमेकडचे धर्मप्रांत कायमचे पोलिश व्हावेत म्हणून रोमकडे विनंती करू. सरकारने कबूल केलं की, शाळांतलं धर्मशिक्षण चालू राहील, लुब्लिनचं कॅथलिक विद्यापीठ चालू राहील, कॅथलिक नियतकालिकं निघतील, यात्रा-मिरवणुकांना आडकाठी होणार नाही, तुरुंग-इस्पितळांत धर्मगुरूंना जाता येईल.

कराराआधीच्या तीन महिन्यांत सरकारने चर्चची ‘कारितास’ ही मदतसंस्था ताब्यात घेतली होती आणि मार्चमध्ये कायदा करून चर्चच्या जमिनीही. विशिन्स्कींनी या दोन्हींचा निषेध केला, पण जमिनीसाठी लढा मांडला नाही. शेतमजूर, कामगार, संप, मजुरी यांवर त्यांनी तरुणपणी पुष्कळ लिहिलं होतं. चर्चने जमीनदार असण्यात त्यांना कसलंही पावित्र्य दिसत नव्हतं. जमीन गेली तर धर्मगुरू लोकांच्या दानावर जगतील, आणि त्यामुळे लोकांच्या जास्त जवळ जातील, असा त्यांचा हिशेब होता. तो खरा ठरला.

सरकारने करार पाळला का? नाही. शाई वाळली नाही तोच मोडायला सुरुवात झाली. जानेवारी १९५१ मध्ये पश्चिमेकडच्या पाचही ठिकाणच्या चर्चप्रमुखांना सरकारने हाकलून दिलं आणि आपल्याला चालतील अशी माणसं तिथे ‘निवडून’ आणवली. इथे विशिन्स्कींनी जे केलं ते मला १९५० च्या करारापेक्षाही अवघड वाटतं. त्या माणसांना नाकारलं असतं तर पश्चिम पोलंडात सरकारी चर्च आणि रोमचं चर्च अशी फूट पडली असती. सामान्य माणसाला आपलं लग्न, आपल्या पोराचा बाप्तिस्मा धर्माच्या दृष्टीने ग्राह्य आहे की नाही, हेही कळेनासं झालं असतं. त्यांनी घोट गिळला आणि त्या लादलेल्या लोकांना स्वतःच्या अधिकारातून अधिकृत मान्यता दिली. मग एप्रिलमध्ये रोमला जाऊन बाराव्या पायसपुढे सगळं मांडलं. पोपनी ऐकून घेतलं, आणि त्यांच्यावरचा विश्वास कायम ठेवला. जानेवारी १९५३ मध्ये त्यांना कार्डिनलपद मिळालं, तेव्हा ते घ्यायला मात्र रोमला जाता आलं नाही.

इथवरची कथा वाचून कोणी म्हणेल, हा मनुष्य तर पायरी पायरीने उतरतच चालला आहे. तसं म्हणणारे तेव्हाही होते.

९ फेब्रुवारी १९५३ रोजी सरकारने हुकूम काढला. यापुढे चर्चमधली कोणतीही नेमणूक, बदली किंवा बडतर्फी सरकारच्या पूर्वसंमतीशिवाय होणार नाही. बिशपांपासून गावातल्या धर्मगुरूपर्यंत सर्वांनी राज्याशी निष्ठेची शपथ घ्यायची. राज्याच्या विरोधात वागल्याचा ठपका आला की पद काढून घेतलं जाईल. सरकारने ‘देशभक्त धर्मगुरू’ म्हणून स्वतःच्या मर्जीतल्या लोकांची एक फळी आधीच उभी केली होती. आता त्यांना धर्मग्रामा-धर्मग्रामांत बसवायचा रस्ता मोकळा होत होता.

यादीची सीमा इथे आली. जमीन, पैसा, इमारती या चर्चकडे असलेल्या गोष्टी आहेत. वेदीपाशी कोण उभा राहील, कबुलीजबाब कोण ऐकेल, हे म्हणजे प्रत्यक्ष चर्च. ते सरकारच्या हाती दिलं तर वाचवायला मागे काही उरतच नाही. बाहेरून पाटी चर्चची राहील, आतला माणूस पोलीस खात्याचा असेल.

८ मे १९५३ रोजी बिशप क्राकूव्हमध्ये जमले. हा दिवस संत स्तानिस्वाव यांचा. क्राकूव्हच्या या बिशपांना १०७९ साली राजाच्या आज्ञेवरून मारण्यात आलं होतं, आणि पोलंडमध्ये हे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. त्या दिवशी तयार झालेलं निवेदन ‘नोन पोस्सुमुस’ या नावाने ओळखलं जातं. लॅटिन शब्द आहेत, अर्थ: आम्हांला हे शक्य नाही. निवेदन लांबलचक आहे. तीन वर्षांत सरकारने करार कुठे कुठे मोडला याची त्यात कलमवार नोंद आहे. माझ्या मते त्याचं खरं बळ इथेच आहे. १९५० साली सही केली नसती तर १९५३ साली दाखवायला कागदच नसता. आम्ही शब्द दिला, पाळला, तुम्ही मोडलात, असं म्हणण्याचा अधिकार त्या सहीने मिळवून दिला होता.

सरकारने शेवटची एक पळवाट देऊ केली, आणि ती फार ओंगळ होती. क्येल्त्सेचे बिशप चेस्वाव काचमारेक जानेवारी १९५१ पासून तुरुंगात होते. सप्टेंबर १९५३ मध्ये त्यांच्यावर हेरगिरीचा जाहीर खटला चालवण्यात आला, दोन वर्षांहून जास्त छळ सोसलेल्या माणसाकडून गुन्ह्याची कबुली वदवून घेतली गेली, आणि २२ सप्टेंबरला १२ वर्षांची शिक्षा झाली. प्रायमेटनी काचमारेक यांचा निषेध करावा एवढीच सरकारची अपेक्षा होती. एक निवेदन, दोन-चार वाक्यं. विशिन्स्कींनी ती लिहिली नाहीत. उलट सरकारकडे निषेधपत्र पाठवलं.

२५ सप्टेंबरच्या संध्याकाळी त्यांनी वॉर्साच्या सेंट ॲन चर्चमध्ये प्रवचन दिलं आणि मिओदोवा रस्त्यावरच्या घरी परतले. रात्री उशिरा दारावर माणसं आली. घरात ‘बात्सा’ नावाचा कुत्रा होता. अंधारात अनोळखी माणसं आत घुसलेली पाहून तो धावला आणि त्यांतल्या एकाला चावला. अटक करायला आलेल्या त्या माणसाची जखम कार्डिनलांनी स्वतः पाहिली, घरातल्या सिस्टरच्या मदतीने आयोडीन लावून दिलं. मग हुकूम वाचून झाला. हुकूम बेकायदेशीर आहे असं त्यांनी सांगितलं आणि त्याला मान्यता द्यायचं नाकारलं. बरोबर फारसं काही घ्यायला तयार नव्हते. जपमाळ आणि प्रार्थनेचं पुस्तक घेतलं. मोटारी रात्रीतच निघून गेल्या.

तीन वर्षांत चार ठिकाणं झाली: रिवाव्द, स्तोचेक, प्रुद्निक आणि शेवटी डोंगरातलं कोमांचा. रिवाव्दच्या खोलीत भिंतीवर त्यांनी पेन्सिलीने क्रूसाच्या वाटेची चौदा स्थानं लिहून काढली आणि त्यांपुढे प्रार्थना करू लागले. स्तोचेकचा जुना मठ थंड आणि ओलसर होता. सोबतीला एक धर्मगुरू आणि एक सिस्टर दिली होती, तीही कैदीच. ही दोघं गुप्त पोलिसांना खबरा पुरवत होती, हे पुढे उघड झालेल्या कागदपत्रांतून समजलं. वृद्ध वडिलांना पत्र लिहिता येई, तेही पहारेकऱ्यांनी वाचून पुढे पाठवायचं. मार्च १९५६ मध्ये ज्यांच्या राजवटीत त्यांना अटक झाली ते बिएरुत मॉस्कोत वारले. ती बातमी कळल्यावर विशिन्स्कींनी त्यांच्या आत्म्यासाठी प्रार्थना केली, आणि ते टिपणात नोंदवून ठेवलं. तिथे वाचणारं कोणी नव्हतं, टाळ्या वाजवणारंही नव्हतं.

बाहेर काय चाललं होतं, तेही सांगायला हवं. अटकेनंतर तीन दिवसांत बिशपांनी बिशप क्लेपाच यांच्या नेतृत्वाखाली सरकारला हवं होतं तसं निवेदन काढलं. डिसेंबर १९५३ मध्ये ज्या शपथेला मेमध्ये नकार दिला होता ती शपथही घेतली. विशिन्स्कींना हे फार लागलं, टिपणांत ते लपत नाही. पण परत आल्यावर त्यांनी कोणाची उणीदुणी काढली नाहीत. क्लेपाच आपल्या जागी राहिले. या गोष्टीकडे लोक फारसं लक्ष देत नाहीत, मला मात्र ती त्यांच्या तुरुंगवासाइतकीच मोलाची वाटते. स्वतः किंमत मोजलेल्या पुढाऱ्याला, न मोजलेल्यांना घालूनपाडून बोलण्याचा मोह आवरणं अवघड जातं.

मे १९५६ मध्ये कोमांचात त्यांनी सबंध राष्ट्राने घ्यायच्या प्रतिज्ञेचा मजकूर लिहिला. ३०० वर्षांपूर्वी राजा यान काझिमेश याने पवित्र मरियेपुढे घेतलेल्या प्रतिज्ञेचं हे नवं रूप. २६ ऑगस्टला यास्ना गूरा या तीर्थक्षेत्री सुमारे १० लाख लोकांनी ती म्हटली. मिरवणुकीत प्रायमेटची रिकामी खुर्ची होती, तिच्यावर पांढरी आणि तांबडी फुलं.

दोन महिन्यांत वॉर्सातली सत्ता पालटली आणि गोमुल्का हे नवे कम्युनिस्ट नेते आले. ते स्वतःही त्याच काळात कैदेत होते. देश खदखदत होता, सोव्हिएत रणगाडे हालचाल करत होते, आणि लोक शांत राहावेत म्हणून गोमुल्कांना प्रायमेट वॉर्सात हवे होते. २६ ऑक्टोबरला त्यांचे दोन दूत कोमांचाला पोचले. सुटका समोर असताना विशिन्स्कींनी अटी घातल्या: १९५३ चा हुकूम रद्द करा, हाकललेल्या बिशपांना त्यांच्या जागी जाऊ द्या. त्या मान्य झाल्यावर २८ ऑक्टोबरला ते घरी परतले. जुना हुकूम जाऊन वर्षअखेर नवा आला. त्यात सरकारला हरकत घ्यायचा हक्क राहिला, पण नेमणूक चर्चची.

आणि लगेच त्यांनी पुन्हा राजकारण केलं. २० जानेवारी १९५७ ला निवडणूक होती. मतपत्रिकेवर कम्युनिस्ट आणि त्यांच्या मर्जीतलेच उमेदवार. लोकांनी रागाने नावं खोडली तर रशियाला आत शिरायला निमित्त मिळेल, अशी भीती होती. अडीच महिन्यांपूर्वी बुडापेस्टमध्ये काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं होतं. बिशपांनी कोणाला मत द्या हे सांगितलं नाही, पण मतदानाला जा असं स्पष्ट सांगितलं. ज्यांनी तुरुंगात टाकलं त्यांच्या निवडणुकीला हातभार लावला, असा ठपका आला. तो त्यांनी सोसला.

बुडापेस्टचं नाव निघालं की हंगेरीचे कार्डिनल योझेफ मिंदसेंती यांच्याशी तुलना होतेच. त्यांनी कम्युनिस्टांशी कसलीच तडजोड केली नाही. डिसेंबर १९४८ मध्ये अटक, छळ, जन्मठेप, १९५६ च्या उठावात चार दिवसांची मोकळीक, आणि मग रणगाडे आल्यावर अमेरिकेच्या वकिलातीत आश्रय. तिथे ते १५ वर्षं राहिले. १९७१ साली देश सोडावा लागला, १९७५ साली व्हिएन्नात त्यांचा अंत झाला. त्यांचं धैर्य तोलायला माझ्याकडे तराजू नाही. पण त्या १५ वर्षांत हंगेरीतल्या धर्मग्रामांचा रोजचा कारभार त्यांच्याशिवाय चालला, आणि पुष्कळसा सरकारच्या नजरेखाली चालला. विशिन्स्कींना जे मिळवायचं होतं ते खेड्यातल्या धर्मगुरूपर्यंत पोचणारं होतं. शिवाय पोलंडमध्ये बहुसंख्य लोक चर्चला जाणारे, हंगेरीत मोठा समाज प्रोटेस्टंट. हे बळ पाठीशी असल्यामुळे त्यांना ताणता आलं आणि सैलही सोडता आलं. एकाचा मार्ग दुसऱ्याला जसाच्या तसा लागू पडला असता असं मानायला आधार नाही.

सरकारशी कसं वागायचं हा प्रश्नाचा अर्धाच भाग. आपल्याच लोकांना न आवडणारं सत्य त्यांच्यापुढे ठेवता येतं का, हा दुसरा. १८ नोव्हेंबर १९६५ रोजी पोलंडच्या बिशपांनी जर्मनीच्या बिशपांना पत्र पाठवलं. मुख्य मसुदा व्रोत्सवावचे आर्चबिशप बोलेस्वाव कोमिनेक यांचा, पाठबळ विशिन्स्कींचं, सह्यांत क्राकूव्हचे आर्चबिशप कारोल वोयतिवा यांचीही. आम्ही क्षमा करतो आणि क्षमा मागतोही, असा त्याचा आशय. युद्धाला वीसच वर्षं झाली होती. ऑशविट्झ ज्यांच्या भूमीवर, त्यांनी जर्मनांची क्षमा मागायची? सरकारने रान उठवलं यात नवल नव्हतं. पण यावेळी चर्चमध्ये गुडघे टेकणारी माणसंही दुखावली होती. ज्या आईचा मुलगा परत आला नव्हता तिला हे पटवणं सोपं नव्हतं. विशिन्स्कींनी एक शब्दही मागे घेतला नाही. त्यांचा पासपोर्ट अडवला गेला. १९६६ साली बाप्तिस्म्याच्या हजाराव्या वर्षानिमित्त पोप सहाव्या पॉलना पोलंडला येऊ दिलं नाही. गावोगाव फिरणारी मरियेच्या चित्राची प्रत पोलिसांनी अडवून यास्ना गूराला बंद करून ठेवली, तेव्हा लोकांनी पुढची काही वर्षं रिकामी चौकटच गावोगाव नेली. १९७० साली पश्चिम जर्मनीने ओडर-नाइसे सरहद्द मान्य केली, आणि जून १९७२ मध्ये पोपनी पश्चिमेकडचे धर्मप्रांत कायमचे पोलिश केले. १९५० च्या करारात बिशपांनी दिलेला शब्द २२ वर्षांनी पुरा झाला.

इतकं लिहिल्यावर त्यांचं उणंही तितक्याच स्वच्छपणे लिहायला हवं. ४ जुलै १९४६ रोजी क्येल्त्सेमध्ये जमावाने सुमारे ४० ज्यूंना मारलं. नाझी संहारातून वाचलेली माणसं होती ती. विशिन्स्की तेव्हा लुब्लिनचे बिशप होते. ज्यू शिष्टमंडळ त्यांना भेटलं. शिष्टमंडळाच्या अहवालानुसार, सर्वच हत्या निषेधार्ह आहेत असं ते म्हणाले, पण या हत्याकांडाचा वेगळा, स्पष्ट निषेध करणारं पत्रक काढायला त्यांनी नकार दिला. काचमारेक यांच्या बाजूने ज्यांनी सगळं पणाला लावलं, त्यांना इथे चार ओळी लिहिता आल्या नाहीत. सरकारशी बोलताना त्यांची यादी लख्ख होती, स्वतःच्या समाजातल्या द्वेषाशी सामना करताना ती अंधुक झाली. याला परिस्थितीची सबब पुरत नाही.

दुसरी चूक शेवटच्या वर्षातली. ऑगस्ट १९८० मध्ये ग्दान्स्कच्या गोदीत संप पेटला. गोदीच्या फाटकावर पोप जॉन पॉल दुसरे, म्हणजे तेच वोयतिवा, यांची तसबीर लागली होती. २६ ऑगस्टला यास्ना गूराला विशिन्स्की बोलले ते संयमाबद्दल आणि कामाच्या कर्तव्याबद्दल. सगळ्या मागण्या एकदम पुऱ्या होत नसतात, असा सूर होता. सरकारी दूरचित्रवाणीने त्यातले सोयीचे भाग दाखवले आणि संपकऱ्यांच्या जिवाला ते लागलं. त्यांच्या मनात बुडापेस्ट आणि प्रागमध्ये शिरलेले सोव्हिएत रणगाडे होते, हे समजतं. पण त्या आठवड्यात परिस्थिती गोदीतल्या कामगारांना जास्त बरोबर कळली होती. पाच दिवसांनी सरकारने त्यांच्याशी करार केला. हे ओळखायला विशिन्स्कींना वेळ लागला नाही, ही त्यांच्या बाजूची गोष्ट. नंतरचे महिने त्यांनी ‘सॉलिडॅरिटी’ या संपातून उभ्या राहिलेल्या कामगार संघटनेच्या पाठीशी घालवले, शेतकऱ्यांच्या संघटनेला मान्यता मिळावी म्हणून सरकारकडे आग्रह धरला, आणि मार्च १९८१ मध्ये देशव्यापी संप तोंडावर आला असताना दोन्ही बाजूंशी बोलून तो टाळायला मदत केली. १२ मे १९८१ ला शेतकरी संघटनेची नोंदणी झाली.

तेव्हा ते अंथरुणाला खिळले होते. दुसऱ्याच दिवशी, १३ मेला, रोममध्ये पोपवर गोळ्या झाडल्या गेल्या. दोघांचं शेवटचं बोलणं फोनवर झालं, एक इस्पितळात, दुसरा मृत्युशय्येवर. २८ मे रोजी विशिन्स्की गेले. जखमी पोपना अंत्यविधीला येता आलं नाही. वॉर्साच्या मोठ्या चौकात लाखो माणसं जमली. आणि २५ सप्टेंबर १९५३ च्या रात्री ज्या राजवटीने त्यांना घरातून उचललं होतं, तिनेच देशभर चार दिवसांचा दुखवटा जाहीर केला.